लाल तार तोंडाची

दोन हजार तेरा साल. मला टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण तार म्हटली की हात अजून शिवशिवायचे. त्यामुळे नातीचा हेडफोन मोडला तेव्हा मी खरं तर खूशच झाले. चेहरा मात्र दुःखी ठेवला.

नातीला आम्ही चिमी म्हणतो. नोकरीसाठी मुलाखती द्यायला ती आमच्याकडे राहायला आली होती. तीन मुलाखतींत तिची बोबडी वळली होती. चौथी त्या दिवशी अकरा वाजता, कॉम्प्युटरवर होती. धुलाईयंत्रांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं काम. "हीपण गेली तर मी परत जाते, आजी," असं तिने आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं.

आणि दहा वाजता आमचे हे खुर्चीतून उठले ते तिच्या हेडफोनची तार पायात घेऊनच. पिन तुटली.

"एवढीशी तार! ओढ लागताच तुटते म्हणजे काय," हे म्हणाले.

"तुमचं वजनही बघा," मी म्हटलं.

हेडफोन सगळ्यांत स्वस्तातला, दुकान उघडणार साडेअकराला, आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा माइक केव्हाच वारलेला. चिमीचा चेहरा रडवेला झाला. "आण इकडे," मी म्हटलं. "तेहतीस वर्षं मी अख्ख्या गावाला जोडून दिलंय. तुझी एक पिन काय घेऊन बसलीस?"

ह्यांच्या जुन्या इअरफोनची बोंडं गळून पडली होती, पण पिन शाबूत होती. ती कापली. आत केसासारख्या चार तारा, वर रंगीत मुलामा. तो काडीने जाळल्याशिवाय वीज पुढे सरकत नाही, हे मला आमच्या लाइनमनने शिकवलं होतं. अडचण एवढीच की हेडफोनच्या तारांचे रंग वेगळे आणि पिनेच्या तारांचे वेगळे. पण आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर लाल तार नेहमी तोंडाची, म्हणजे बोलायची. त्या हिशेबाने मी हेडफोनची लाल तार बोलायच्या जागी जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली.

चिमीने गाणं लावून पाहिलं. "आजी, डाव्याच कानात येतंय."

"एक कान पुरतो. मी सगळी नोकरी एका कानावर काढली."

अकरा वाजले. पडद्यावर एक मिशीवाले साहेब आणि एक चष्मेवाल्या बाई उगवल्या. चिमी बोलली. त्यांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. तिने हेडफोनच्या माइकवर टिचकी मारली. पुन्हा नकार. तशी मी हेडफोन तिच्या डोक्यावरून काढला आणि धूळ असेल म्हणून कानावरच्या उजव्या वाटीत जोरात फुंकर मारली. साहेब खुर्चीत दचकले. मला वाटलं, डास चावला असेल.

मग दोघंही पुतळ्यासारखी बसली.

"लाइन अडकली," वाटी हनुवटीखाली धरून मी निदान केलं. "पण बघ ना, तो मिशीवाला कसा ताठ बसलाय. शर्टाबरोबर स्वतःलाही इस्त्री करून आलाय."

"मी सांगत होतो, हिच्या हातात देऊ नको," हे वाटीजवळ वाकून ओरडले. ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जगालाही कमी येतं असं ते धरून चालतात.

"तार कुणी तोडली?"

"जोडली कुणी?"

तेव्हा चिमी उठली. मुलाखत गेलीच असं समजून असेल, पण तिचा आवाज एकदम स्थिर झाला होता. "आजोबा, तुम्ही बसा. तुमचं म्हणणं मला कळलं. आधी आजीचं ऐकते, मग तुमचंच ऐकते. आजी, तू केलेला जोड पक्का आहे. फक्त कुठली तार कुठे गेली ते मला सांग. सावकाश."

"लाल तोंडाला," मी पुटपुटले. ह्यांनी निमूटपणे खुर्ची ओढली. चाळीस वर्षांत माझं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

चिमीने डावी वाटी कानाला लावली आणि तिचा रंगच उडाला. साहेब सांगत होते, "मॅडम, आम्हाला सगळं ऐकू येतंय. इस्त्रीसुद्धा."

हेडफोनची लाल तार उजव्या कानाची निघाली; ती बोलायच्या जागी जोडून मी हेडफोनचा जुना टेलिफोन केला होता. डाव्या वाटीने ऐकायचं, उजवीत बोलायचं. पुढची वीस मिनिटं मी उजवी वाटी चिमीच्या तोंडासमोर धरून उभी होते. हात बधिर झाला, पण ब्र काढला नाही. शेवटी त्या बाई काय म्हणाल्या ते चिमीने नंतर सांगितलं: "आम्ही परीक्षेसाठी एकाला चिडलेलं गिऱ्हाईक व्हायला सांगतो. तुमच्या घरात दोन तयारच आहेत. सोमवारपासून या."

आता त्या बाई निवृत्त झाल्यात. साहेबांनी मिशी काढली, त्यात माझा हात नसावा. ह्यांना कानाचं यंत्र मिळालं. त्याची पेटी ते माझ्यापासून कुलपात ठेवतात. चिमीच्या हाताखाली चाळीस जण आहेत. प्रत्येक नव्या मुलीला ती पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते म्हणे, तारेच्या रंगांसकट.

फक्त तिच्या गोष्टीतली आजी शेजारच्यांची असते.