बग्गीच्या मूळ चिखलाचा दाखला

रिमोटवर चालणारी जुनी गाडी धुणे हा गुन्हा आहे, हे कवळीवाल्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ती एका रविवारी सकाळी, घरातले सगळे जागे असताना, उजळ माथ्याने, दात घासायच्या नव्या कोऱ्या ब्रशने धुतली. पुढे चौकशीत त्यांना विचारण्यात आले की ब्रश मऊ होता की कडक. ते म्हणाले, मध्यम. ही नोंद त्यांच्या विरुद्ध गेली.

कवळीवाले एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घडवीत. निम्मे शहर त्यांच्या दातांनी हसते, असे ते स्वतःच सांगत. ही बग्गी त्यांच्या लहानपणची. टायरांना जाड काटे, मागे दोन पिवळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वर प्लॅस्टिकचा इवलासा ड्रायव्हर. चालवायची ताई, गाडी उलटली की धावत जाऊन ती सरळ करायचे काम धाकट्या भावाचे. या पदाला ताईने ‘मॅनेजर’ असे नाव दिले होते. शेवटच्या शर्यतीत पुढच्या डाव्या चाकाचा दांडा मोडला, आणि बग्गी माळ्यावर गेली ती गेलीच.

मग एक दिवस ताईचा फोन आला.

“छोट्या, डोळ्यांचं काही खरं नाही बघ. डॉक्टर म्हणतात, वर्ष संपेपर्यंत मधलं दिसायचं बंद होईल. कडेकडेचं दिसेल म्हणे. कडेकडेचं बघून मी काय करू? आपली बग्गी आहे का अजून?”

“माळ्यावर आहे.”

“मग उतरव की, मॅनेजर. मला तो मोठा उंचवटा एकदा उडवायचाय. दिसतंय तोवर.”

कवळीवाल्यांनी त्याच दिवशी माळ्याला शिडी लावली. पुढचे दोन महिने शहरातल्या वृद्धांना दात उशिरा मिळाले. मोटरमधले झिजलेले कार्बनचे ब्रश बदलले गेले, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये नवे तेल भरले गेले, तडकलेल्या टायरांच्या जागी दुसरे टायर आले. मोडका दांडा मात्र बाजारात कुठेच मिळेना. तेव्हा कवळीवाल्यांनी त्याचा साचा घेतला आणि हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी ॲक्रिलिकचा दांडा ओतला. दांडा इतका सुबक झाला की त्याच्यावर चार दाढा बसवायचा मोह त्यांना आवरावा लागला.

राहता राहिला उंचवटा. तो होता लहानपणीच्या शर्यतींच्याच मैदानावर, आणि मैदान होते ‘पुरातन दूरनियंत्रित वाहन जतन मंडळा’च्या ताब्यात. मंडळाचा दाखला नसलेल्या गाडीला मैदानावर चाक टेकवायची बंदी होती. कवळीवाल्यांना यात काही वावगे वाटले नाही. दाखला काय, आज अर्ज केला की उद्या मिळेल, असे त्यांनी ताईला कळवले.

मंडळाचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले होते. चिटणीसबाई एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि माणसाकडे बघताना अजूनही आधी त्याची नखे बघत. दोघांनी पांढरे हातमोजे चढवले, बग्गी उताणी केली आणि एकमेकांकडे पाहिले.

“चिखल कुठंय?” अध्यक्षांनी विचारले.

“धुतला,” कवळीवाले अभिमानाने म्हणाले.

चिटणीसबाईंनी डोळे मिटले. “अहो, तो मूळ चिखल होता! चाळीस वर्षांचा. गाडी काय, कारखान्यात हजारोंनी निघाल्या. असा चिखल पुन्हा निघणार आहे का?”

“पण घाण होती ती.”

“तुमच्या दृष्टीनं,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी तीस गुण कापले.

यावर उपाय नव्हता असे नाही. मंडळाच्या कपाटात त्या काळचा चिखल बरण्यांमध्ये जपून ठेवलेला होता. ‘मृत्तिका पुनःस्थापना’ असा अर्ज केल्यावर कवळीवाल्यांना त्यातला दोन चमचे चिखल मंजूर झाला. ज्या ब्रशने काढला त्याच ब्रशने, दोन साक्षीदारांसमक्ष, तो त्यांनी बग्गीच्या पोटाला परत लावला. साक्षीदारांनी ‘चिखल समाधानकारक’ असा शेरा मारला.

मग गुलाबी दांड्याची पाळी आली.

“हा मूळ नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“मूळचा मोडला होता.”

“म्हणजे मोड मूळ होती. ती तुम्ही नष्ट केलीत.”

“दांड्याशिवाय गाडी धावेल कशी?”

चिटणीसबाईंनी नियमावलीची पाने पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. “धावण्याचा उल्लेख यात कुठंच नाही,” त्या म्हणाल्या.

बऱ्याच ऊहापोहानंतर तोड निघाली. दांडा सुटा भाग म्हणून चालणार नव्हता, पण कृत्रिम अवयव म्हणून चालण्यासारखा होता. मात्र त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. कवळीवाले दंतवैद्याकडे गेले. दंतवैद्याला कवळ्यांच्या चिठ्ठ्यांखेरीज दुसरी चिठ्ठी लिहिता येत नव्हती. त्याने लिहिले: ‘रुग्णास खाली, पुढे, डाव्या बाजूस एक अवयव बसवला आहे. झोपताना काढून स्वच्छ पाण्यात ठेवावा. कडक पदार्थ टाळावेत.’ मंडळाने चिठ्ठी दाखल करून घेतली. तेव्हापासून कवळीवाले रोज संध्याकाळी बग्गीचा पाय काढून वाटीत बुडवून ठेवू लागले.

“अहो, ताईंना बोलवा आणि कुठल्याही मोकळ्या जागेत पळवा ना ती एकदा,” बायको म्हणाली. “चार विटा आणि एक फळी ठेवली की झाला उंचवटा.”

“दाखल्याविना?” कवळीवाल्यांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने दरोडा घालायला सुचवले होते. “अगं, ब्याऐंशी गुण झालेत. नव्वदला ‘अ’ दर्जा मिळतो.”

“ताईंना दर्जा हवाय की उडी?”

या प्रश्नासाठी नमुना अर्ज उपलब्ध नसल्याने कवळीवाल्यांनी उत्तर दिले नाही. वाण नाही पण गुण लागला होता. ताईचा फोन आला की ते आता ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे म्हणत. पहिल्यांदा ती खो खो हसली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “छोट्या, वर्तमानपत्राच्या मधल्या ओळी गेल्या रे आता.” तिसऱ्यांदा तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. कवळीवाल्यांना वाईट वाटले. पण तोवर गुण अठ्ठ्याऐंशी झाले होते, आणि अठ्ठ्याऐंशीवर सोडून देणे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास टाकणे होते.

अखेर एक्क्याण्णव गुणांसह ‘अ’ दर्जाचा दाखला आला. त्याच्या मागल्या बाजूस बारीक अक्षरांत लिहिले होते की ‘अ’ दर्जाची गाडी धावल्यास तिची झीज होऊन दर्जा रद्द होईल.

“मग वार्षिक शर्यत कशी होते?” कवळीवाल्यांनी विचारले.

“शिस्तीत होते,” अध्यक्ष म्हणाले. “गाड्या ओळीत लावतो. शिट्टी वाजली की पाच मिनिटं उभ्या ठेवतो. मग पुन्हा गुण मोजतो. जिचे सगळ्यात कमी घटले ती पहिली. गेल्या वर्षी जोराची झुळूक आली, तेव्हा चुरस झाली होती.”

कवळीवाल्यांनी मान डोलावली. खरी भीती इथेच होती: त्यांना ते पटले.

शर्यतीच्या दिवशी ताई आली. समोरचा माणूस दिसावा म्हणून ती आता मान जराशी वाकडी करून बघत होती. तिने बग्गी आधी हाताने चाचपली, मग तिरक्या नजरेने न्याहाळली, आणि गुलाबी पाय बघून ती इतकी हसली की चिटणीसबाईंनी तिला शांततेचा नियम वाचून दाखवला. ‘सर्व साहित्य कार्यक्षम असावे’ या कलमामुळे रिमोटमध्ये नवे सेल होते आणि बग्गीची बॅटरी भरलेली होती. दाखल्याची फाइल दोन्ही हातांनी धरायची असल्यामुळे कवळीवाल्यांनी रिमोट ताईच्या हाती दिला. “नुसता धरून ठेव,” ते म्हणाले.

सत्तावीस गाड्या ओळीत लागल्या. शिट्टी वाजली. लगेच सगळे मालक मैदानाकडे पाठ करून टेबलाशी रांगेत उभे राहिले. ‘शर्यत शांततेत पार पडली, कोणतीही गाडी जागची हलली नाही’ या पंचनाम्यावर सह्या व्हायच्या होत्या; शर्यत संपल्यावर लोक घरी जायच्या घाईत असतात, म्हणून त्या शर्यत चालू असतानाच घेण्याची पद्धत होती. कवळीवाले रांगेत शेवटचे होते.

“छोट्या, शिट्टी झाली ना?” मागून ताईने विचारले.

“झाली.”

“मग?”

मोटरचा बारीक, चिडका आवाज झाला. कवळीवाल्यांना तो आवाज ओळखीचा वाटला. पण पेन नेमके तेव्हाच त्यांच्याकडे आले होते. त्यांनी सही केली आणि वळून पाहिले. उंचवट्याच्या पलीकडे धूळ खाली बसत होती आणि तिच्यात बग्गी चारही चाकांवर उभी होती.

“ताई!” ते ओरडले. “दर्जा गेला!”

ताईचा चेहरा फुलला होता. “अरे, काय उडाली! मान वाकडी केली आणि अख्खी दिसली बघ. आधी नाक वर, मग हवेत जराशी थांबल्यासारखी, मग मागची चाकं आधी टेकली. बघितलीस ना?”

कवळीवाले फाइल उघडून दर्जा रद्द होण्याचे कलम शोधू लागले.

चौकशी तिथल्या तिथे झाली. गाडी हलली असे मानावे, तर सत्तावीस सह्या खोट्या ठरत होत्या, आणि त्यातली एक खुद्द अध्यक्षांची होती. उडी पाहणारी व्यक्ती एकच, आणि तिच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांचा कागद तिच्याच पर्समध्ये होता. चिटणीसबाईंनी तो मागून घेतला, वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“यांना दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे प्रश्नच मिटला. गाडी आधीपासून तिथंच होती, एवढं मालकांनी लिहून द्यावं.”

कवळीवाल्यांनी ताईकडे पाहिले. ती अजून उंचवट्याच्या दिशेने तोंड करून हसत होती. त्यांना लाज वाटली, खरोखरच वाटली. मग त्यांनी लिहून दिले, सुवाच्य अक्षरात, तारीख घालून.

“काय लिहिलंस रे?” ताईने विचारले.

“काही नाही. नेहमीचंच.”

फेरमोजणीत बग्गीच्या पोटाला मैदानाची ताजी माती लागलेली आढळली. चिखलात अशी नैसर्गिक वाढ मंडळाच्या इतिहासात प्रथमच झाली होती, त्यामुळे बग्गी सर्वानुमते पहिली आली. बाकीच्या सव्वीस मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या गाड्या कापसात गुंडाळून घरी नेल्या.

आता बग्गी कवळीवाल्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे. ताईचे मधले दिसणे गेले. ती अधूनमधून येते, पेटीवर हात ठेवून बसते आणि उडी सांगते: आधी नाक वर, मग हवेत जराशी थांबल्यासारखी. कवळीवाले “हो, हो” म्हणतात. एकदा त्यांनी विचारले, “जमिनीपासून किती उंच गेली असेल गं?” ताईने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाली, “तू होतास ना तिथं?” ती गेली की ते मऊ फडक्याने काचेवरचे तिच्या बोटांचे ठसे पुसून टाकतात.

वाचकहो, तुम्हाला कवळीवाल्यांचा संताप आला असेल. येणारच, तुम्ही भले माणूस आहात. उठून तावातावाने चार शब्द बोलायलाही हरकत नाही. फक्त परत बसताना जरा बेताने बसा. तुमच्या सोफ्यावरचे, अजून न काढलेले दुकानातले प्लॅस्टिक फार करकरते.