बांधाचा पुरावा

चिमाजीने तिसऱ्यांदा टेप लावली आणि तिसऱ्यांदाही बांध सव्वा फूटच भरला. गेल्या दिवाळीला हाच बांध चांगला दोन फुटांचा होता. डोक्यावर क्रेट घेऊन माणूस ऐसपैस चालत जायचा. आता डोंबाऱ्यासारखा तोल सांभाळत जावं लागे, आणि काल त्याची बायको सरूबाई झेंडूच्या क्रेटसकट पलीकडे भिकाच्या रानात जाऊन पडली होती. ती पडली याचं चिमाजीला तेवढं वाटलं नाही. पण भिकाने ट्रॅक्टर थांबवून तिला हात दिला आणि वर "वहिनी, जपून चालत जा" असं सांगितलं, तेव्हा चिमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिका त्याचा चुलतभाऊ. विंचूर रस्त्यापासून आत दोघांची रानं लागूनच होती आणि मध्ये हा बांध. भिकाकडे स्वतःचा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर होता. दर वेळी रान तयार करताना तो बांधाची चार बोटं खातो, ही चिमाजीची जुनी तक्रार होती. राग तर चिमाजीच्या नाकावर कायम असायचाच, पण बांधाचं नाव निघालं की तो नाकावरून उतरून सगळ्या अंगात पसरायचा.

तो तसाच धोंडीराम तात्यांकडे गेला. तात्या गावातले जुने जाणते. भाऊबंदकीची भांडणं त्यांच्याच ओट्यावर मिटत.

"चिमाजी, सात वर्षं मी हेच ऐकतोय," तात्या म्हणाले. "तू म्हणतो त्यानं कोरला, तो म्हणतो मी नाय कोरला. पुरावा आण. कोरताना दाव मला. मंग मी हाय आन् भिका हाय."

पुरावा म्हटल्यावर चिमाजीला मुलाची आठवण झाली. महेश नाशकात इंदिरानगरला राहायचा, कंपनीत नोकरी करायचा आणि रविवारी हेल्मेटवर काडेपेटीएवढा कॅमेरा लावून मोटारसायकलवरून घाट धुंडाळत फिरायचा. या कॅमेऱ्यावरून चिमाजीने त्याला पूर्वी बरंच बोलून घेतलं होतं. आता त्याने तोच मागवून घेतला.

"अण्णा, हा पळत्या गाडीवर लावायचा कॅमेरा आहे," महेश म्हणाला. "वारा लागला तरच थंड राहतो. एका जागी उन्हात ठेवला तर तापेल."

"तू मला शिकवू नको. कॅमेरा हाय ना? मंग दिसेल ते काढील. त्याला काय भिक्याची भीड पडायची हाय?"

महेशने बटण कुठे दाबायचं ते दाखवलं आणि तो नाशकाला परतला. सोमवारी चिमाजीने विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या पेटीवर कॅमेरा सुतळीने आवळून बांधला. ऑक्टोबरचं ऊन, त्यात पत्रा. संध्याकाळी त्याने मोबाइलवर चित्रण पाहिलं. पहिली चार मिनिटं त्याच्या स्वतःच्या नाकपुड्या होत्या, कारण सुतळीची गाठ मारताना तो कॅमेऱ्यात तोंड घालून बसला होता. पुढे चौदा मिनिटं रिकामं रान. मग काळोख. भिकाचा ट्रॅक्टर आला सव्वाअकराला, कॅमेरा बंद पडला अकराला.

"तुझा कॅमेरा घेरी येऊन पडला," त्याने फोनवर महेशला झापलं. "माणसं इथं दिवसभर उन्हात राबत्यात, ह्याला अठरा मिनिटं झेपत नाय?"

"सावलीत ठेवा, अण्णा. लिंबाच्या झाडाखाली. आणि तोंड जरा खाली करा, म्हणजे भिंगावर थेट ऊन येणार नाही. पॉवर बँक जोडा."

चिमाजीने लिंबाखाली बांबू रोवला, त्याला कॅमेरा बांधला, तोंड खाली केलं, पॉवर बँक लोंबकळती ठेवली आणि वर जुनी छत्री उघडून बसवली. दिवसभर कॅमेरा इमानदारीने चालला. संध्याकाळी चित्रण लावलं तर सगळं रान लालभडक. लाल अंधारातून ट्रॅक्टरचा आवाज तेवढा येत होता.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून फोनवर पाच वेळा वाद झाला. महेशने सांगितलं तसं चिमाजीने रंगाचं सेटिंग बदललं. लाल तो लालच. कॅमेरा रीसेट केला. तरी लाल. शेवटी कार्ड फॉरमॅट केलं.

"फॉरमॅटच्या आधी माझे व्हिडिओ उतरवून घेतले ना?" महेशने विचारलं.

"कसले व्हिडिओ?"

महेशने फोन ठेवून दिला. अख्ख्या पावसाळ्यातले घाट गेले होते. महेशने पुढचे दोन फोन उचलले नाहीत, आणि चिमाजीला त्याचाही राग आला.

सरूबाई शेजारीच बसून झेंडूची फुलं निवडत होती. ती म्हणाली, "तांबडं दिसणारच की. कुंकू लावलंय त्याला."

"कोणी?"

"मीच. नवी वस्तू परवा तशीच कोरी रानात गेली आन् घेरी येऊन पडली. म्हून काल सकाळी हळदकुंकू लावलं कपाळाला."

"ते कपाळ नाय, डोळा हाय त्याचा!"

"मला काय ठावं? एकच तर गोल हाय तोंडावर. आन् पुसू नका मेलं, लावलेलं कुंकू पुसत नसतात."

चिमाजीने ते धोतराच्या सोग्याने पुसलं, तशी सरूबाईने त्या दिवशी त्याच्याशी अबोला धरला. मुलगा बोलत नाही, बायको बोलत नाही. उरला भिका, आणि तो मात्र येता जाता "दादा, छत्री कशापायी उघडलीय?" अशी आपुलकीने चौकशी करत होता. या चौकशीनेच चिमाजीचं पित्त जास्त खवळलं.

बुधवारी वारा सुटला आणि बांबू डुलला. चित्रणात भिकाचा ट्रॅक्टर वरातीतल्या पोरांसारखा नाचत होता. चिमाजीने बांबूच्या बुडाशी दगड रचले आणि वरून तारेचे ताण दिले. गुरुवारी वारा पडला, ऊन सोसवलं, भिंग स्वच्छ होतं, आणि संध्याकाळी मोबाइलवर भिका दिसला. ट्रॅक्टर बांधाला घासून चाललाय, रोटाव्हेटरची पाती बांधाची माती उडवतायत, अगदी कणन् कण दिसत होता. एवढ्याशा पडद्यावर चिमाजीने ते सात वेळा पाहिलं आणि प्रत्येक वेळी त्याला नव्याने संताप आला.

रविवारी धोंडीराम तात्यांच्या घरी मोठ्या टीव्हीवर दाखवायचं ठरलं. महेश राग गिळून वायर घेऊन आला. भिकाला रीतसर निरोप गेला. आणखी चार माणसं चहाच्या वासाने जमली.

"आता बघा, तात्या," चिमाजी म्हणाला. "माणूस खोटं बोलंल. कॅमेरा खोटं बोलत नाय."

चित्रण सुरू झालं. ट्रॅक्टर आला. माती उडाली. चिमाजीने छाती पुढे काढून सगळ्यांकडे पाहिलं. पण सगळे ट्रॅक्टरकडे पाहतच नव्हते. ते बांधाकडे पाहत होते. मोबाइलवर ध्यानात आलं नव्हतं ते मोठ्या टीव्हीवर ठसठशीत दिसत होतं. बांध सरळ नव्हताच. दोन्ही टोकांना जागेवर आणि मधोमध चांगला भिकाच्या रानात फुगलेला.

"तात्या," भिका हळूच म्हणाला, "बांधानं माझ्याकडं पोट काढलंय की हो."

"दिसतंय खरं," तात्या म्हणाले.

"कोण म्हणतं पोट? सरळ हाय बांध!" चिमाजी टीव्हीला बोट लावून ओरडला. "महेश, सांग ह्यांना."

महेशने कॅमेरा हातात घेऊन पाहिला आणि कपाळावर हात मारला. "वाइडवर राहिलाय. रीसेट केल्यावर परत वाइडवर गेला असणार. यात सरळ रेघ वाकडी दिसते, अण्णा. तोंड खाली केल्यामुळे बांध चित्रात वरच्या बाजूला आला, म्हणून वर, भिकाकाकांच्या रानाकडे फुगला. सरळला सरळ दाखवतं त्या लिनियरवर ठेवायला हवा होता."

"म्हंजे कॅमेरा खोटं बोलतो?" तात्यांनी विचारलं.

"थोडं."

"पण आत्ताच हा म्हणाला, कॅमेरा खोटं बोलत नाय."

चौघं हसली. भिका हसला नाही, खाली मान घालून चहा पीत राहिला, आणि चिमाजीला वाटलं, हा आतून हसतोय. मग त्याचा ताबाच सुटला.

"असं काय? मंग सरकारी मोजणी आणतो. दूध का दूध होऊ द्या. तातडीची आणतो. ज्याच्याकडं दुसऱ्याची वीतभर निघंल त्यानं तवाच्या तवा सोडायची. कबूल?"

"कशाला, दादा," भिका म्हणाला. "एवढ्या तेवढ्यावरून..."

"कबूल का नाय, ते बोल."

"कबूल," भिका म्हणाला.

महिन्याभराने मोजणीवाले आले. काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन त्यांनी दोन्ही रानं पालथी घातली, नकाशाशी ताडून पाहिलं आणि हद्दीवर खुंट्या ठोकून पांढरी दोरी ताणली. दोरी बांधावरून गेली नाही. ती चिमाजीच्या झेंडूतून गेली. दोन्ही टोकांना बांध जागेवर होता आणि मधोमध सव्वादोन फूट भिकाच्या हद्दीत शिरलेला होता. भिका कोरत होता हे खरं, पण कोरत होता ते स्वतःचंच.

"यंत्र बिघडलंय," चिमाजी म्हणाला. मोजणीवाल्यांनी पुन्हा मोजून दाखवलं. तेवढंच निघालं.

"आवं, पण दर साली तुमीच तर करता," सरूबाई म्हणाली. "पाऊस गेला की बांध नीट करतो म्हणून ह्या अंगानं फावडं मारता आन् माती त्या अंगाला टाकता. झेंडूची एक सरी वाढती म्हणून."

गेली कितीतरी वर्षं आपण जे करत होतो त्याला चिमाजी मनापासून डागडुजी समजत होता. सगळ्यांसमोर बायकोने त्याची सरी मोजून दाखवली, आणि पहिल्यांदाच असं झालं की रागवायला समोर कुणीच सापडेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी पाहणाऱ्या प्रत्येकाचा त्याला राग आला.

भिका पुढे आला. "दादा, ऱ्हाऊ द्या. फुलं आलीत. मार्गशीर्षातले गुरुवार होऊ द्या, झेंडू निघू द्या, मंग सावकाश बांध सरकवू. घाई काय हाय? घरातलीच तर जमीन."

भिकाने शिवी दिली असती तर चिमाजीने सोसली असती. हा समजूतदारपणा त्याला सोसवला नाही.

"तुझे उपकार नकोत मला. एक दिवस पण नको. फावडं आण गं."

"फुलावर आलेला माल हाय, आवं," सरूबाई म्हणाली.

त्याने स्वतःच फावडं आणलं. फुललेल्या दोन सऱ्या उपटून बाजूला फेकल्या आणि तो नवा बांध घालायला लागला. मोजणीवाले निघून गेले, माणसं पांगली, ऊन चढलं, तरी चिमाजी थांबेना. दातओठ खात एकेक फावडं मारत होता. भिका बराच वेळ उभा राहून पाहत होता. मग न राहवून म्हणाला,

"दादा, जरा दोरीकडं बघा. तुमी चार बोटं जास्तीची आत घेताय. तुमच्याकडं. तुमचीच जमीन माझ्यात चाललीय."

चिमाजीने फावडं रोखून धरलं.

"हे बघ भिक्या, बांध मी घालतोय. तू मधी तोंड घालायचं काम नाय."

"पण दादा, तुमचं नुस्कान..."

"एक शब्द बोललास तर अजून चार बोटं घेईन!"

भिकाने एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा सरूबाईकडे. तिने काही बोलू नको म्हणून डोळ्यांनी खुणावलं. मग त्याने मुकाट्याने पाटी उचलली आणि तो दादाच्या हाताखाली माती वाहायला लागला.