उपासाच्या डब्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा समर्थ. जिच्या पळीत राज्य, तिला आधी दंडवत, मग लेखणी दौतीत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावणमासी एका राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहिले. राज्याचे नाव लिहू नये ऐसी ताकीद आहे, कारण शेजारचे राज्य भिंतीपलीकडेच आहे आणि त्याचे कान लांब आहेत.

राज्य तीन खोल्यांचे. गादीवर राजश्री वासुदेवराव, त्यांजवर मातोश्री वेणूबाईंचा वचक, आणि मुदपाकखान्याचा सारा अखत्यार रावांचे कुटुंब सगुणाबाई यांजकडे. बाई जात्याच धोरणी. पहिले तारखेस वाण्याकडील जिन्नस भरोन कोठी लावावी आणि महिनाअखेर पुरवावी, पुन्हा ताटातील उसळ, पालेभाजी, ताक चुको नये, ऐसा शिरस्ता. पडवळ महाग तर दुधी, दुधी महाग तर शेवग्याचा पाला. बाजार उठता उठता, माळणी टोपल्या आवरीत असता, बाईंनी जावे आणि दोन जुड्यांचे मोलात तीन आणाव्या, आणि माळणीनेच वर कोथिंबीर टाकोन "ताई, परवा पण या हं" म्हणावे. वाहवा, काय ते मुत्सद्दीपण! दुसऱ्याच्याने व्हायचे नाही.

ऐशात गनीम चालोन आला. रावांस तहान बहुत, थकवा बहुत, मग डॉक्टरांनी पाहिले आणि बोलिले, "साखर वाढली आहे. तीन महिने पथ्य करा. तेवढ्यात आकडा उतरला नाही, तर रोज सुई." राव सुईस ऐसे भीत की नाव काढिताच पांढरे पडले, आणि त्याच महिन्यात त्यांच्या कचेरीने पगारास कात्री लाविली. कोणी सांगे विलायती ओट आणा, कोणी सांगे बदामाचे दूध पाजा. बाई बोलिल्या, "परकी फौज आणून घर राखल्याचं मी तरी ऐकलं नाही!" आणि गहू मागे सारोन ज्वारी आणि नाचणी पुढे केली, आणि मटकीस मोड आणिले, आणि रावांचे चहातील साखर बंद केली, तेव्हां राव तीन दिवस रुसोन बसिले. इतके करोनही घरी आणिलेले बोट टोचावयाचे यंत्र आकडा चढाच दाखवी, आणि कोठीत बाविसाव्या तारखेसच खडखडाट जाहला. बाई थक्क जाहल्या. मग एकेक डबा खाली काढोन पाहता शेंगदाणे नाहीत, तूप नाही, बटाटे नाहीत, आणि डाळी आहेत तशा आहेत. बाईंनी पंचांग काढोन पाहिले. उपास! मातोश्रींचे श्रावणी सोमवार, शनिवार, दोन एकादश्या, दोन चतुर्थ्या, आणि मातोश्रींचा उपास म्हणजे अवघ्या दरबाराचा उपास. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटात लोळे, वर बटाट्याचा कीस, वर शिंगाड्याचा शिरा. एकादशी आणि दुप्पट खाशी, म्हणतात ते खोटे नव्हे. गनीम देवघराच्या वाटेने आत शिरला होता.

आता हे मातोश्रींस सांगावे कोणी? उपासास बोट लावणे म्हणजे घर दुभंगणे, आणि न लावावे तर नवऱ्यास सुई. बाईंनी दोन दिवस मनाशी मसलत केली. मग रविवारी भाकरी-उसळीनंतर दोन तासांनी रावांचे बोट टोचिले, सोमवारी उसन्या दाण्यांच्या खिचडीनंतर पुन्हा टोचिले, रावांनी दोन्ही वेळां डोळे मिटोन घेतले, आणि बाईंनी दोन्ही आकडे मातोश्रींपुढे ठेविले. भाकरीचा दीडशे, खिचडीचा दोनशे साठ. मातोश्री कडाडल्या, "त्या यंत्राला देवाधर्माचं काय कळतंय? माझ्या हयातीत उपास मोडायचा नाही!"

बाई खाली मान घालोन बोलिल्या, "आई, मोडा असं मी म्हणतच नाही. एवढंच सांगा, हे उपास तुम्ही धरलेत कुणासाठी?"

मातोश्रींनी यंत्र हातभर दूर सारिले. मग म्हणाल्या, "वासू पाच वर्षांचा होता. तापानं डोळे फिरवले होते त्यानं. तेव्हा देवाला म्हटलं, हा जगू दे, मी जन्मभर उपास करीन." आणि पुन्हा यंत्राकडे पाहिले. "अगं, म्हणजे मी जगवायला म्हणून धरले, आणि त्याच्याच ताटात..."

बाईंस रडू आवरेना. त्यांनी मातोश्रींचे हात धरिले. "आई, तुम्ही जगवलंत म्हणून तर हे मला मिळाले. पुढचं दोघी मिळून करू."

मातोश्रींनी पदराने डोळे पुसिले आणि हुकूम केला, "बायका काशीला जाऊन आवडती वस्तू सोडतात. माझी काशी काही आता होत नाही. आण गं तांब्या." मग ओट्यापाशी उभ्या राहोन तळहातावर साबुदाण्याचे चार दाणे घेतले आणि वर पाणी सोडिले. "आजपासून साबुदाणा सोडला. उपास नाही सोडला. ताक आहे, पपई आहे, राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी आहे, मला म्हातारीला रग्गड. आणि वासूनं रोजच्यासारखी भाकरी खायची. त्याच्या वाटचा उपास माझा." ऐसा निवाडा कोण्या न्यायाधीशाने केला नसेल.

तात्पर्य, कार्तिकमासी आकडा उतरला, सुई टळली, आणि कोठी तीस तारखेस पोहोचोन वर मूठभर मूग उरले. मुलूख राखिल्याचे श्रेय लोक सगुणाबाईंस देतात, ते रास्तच. परंतु लिहिणाराचे मत ऐसे की, सासूने जन्माची आवडती खिचडी सोडिली आणि सुनेने "मी सांगितलं होतं ना?" हे बोलणे सोडिले, आणि या दोहोंत दुसरे सोडणे अधिक कठीण.