मामाच्या फ्लेक्सवरची अक्षरं

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच. त्यामुळे हुंग पो-कुन मामा वॉर्डप्रमुखाच्या निवडणुकीला पुन्हा उभा राहिला, तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो, "डिझायनर कशाला हवा? गेल्या वेळच्या फ्लेक्सची फाइल आहे ना? वर्ष बदलायचं आणि छापायला द्यायचं. तुझा चहा गार व्हायच्या आत करून देतो."

"आ-हान, तुला खरंच येतं का?" मामाने विचारलं.

"विम्याच्या ऑफिसात सगळे मलाच विचारतात."

हे खरं होतं. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मलाच विचारतात.

फाइल उघडली आणि सॉफ्टवेअरने पिवळा त्रिकोण दाखवला. यातला फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, म्हणे. असले इशारे मी सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याइतकेच मनावर घेतो. 'बदला' असं लिहिलं होतं, ते दाबलं. झालं, मामाच्या नावातला 'कुन' गायब आणि त्या जागी एक रिकामी चौकट. आमच्या चिनी लिपीतल्या हजारो अक्षरांमधून आजोबांनी ज्योतिष्याकडून निवडून घेतलेलं अक्षर ते. तैवानमधल्या आमच्या आख्ख्या च्यायी गावात फारसं कोणाच्या नावात नाही, आणि माझ्या कॉम्प्युटरमधल्या फॉन्टमध्ये तर नव्हतंच.

"माझ्या नावाला खिडकी कशाला बसवलीस?" मामा म्हणाला.

जुन्या डिझायनरला फोन केला. "फॉन्ट मी विकत घेतलाय, वाटायला नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग इंटरनेटवरून एक फुकटचा फॉन्ट उतरवला, तर तो सॉफ्टवेअरच्या यादीत दिसेना. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. कॉम्प्युटर बंद करून उघडला. फॉन्ट काढून पुन्हा घातला. शेवटी तो भलतंच नाव घेऊन यादीच्या तळाशी बसलेला सापडला, फरारी आरोपी आडगावात सापडावा तसा. सगळ्या मजकुराला तोच लावला आणि 'कुन' परत आला. चहा केव्हाच गार झाला होता, पण मामाने स्वतःचं नाव तीनदा वाचलं आणि माझी पाठ थोपटली. नावाखाली काय लिहिलंय ते त्यानेही वाचलं नाही, मीही नाही.

फ्लेक्स लागले. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. "देवळाबाहेर चहा पिणारी म्हातारी मंडळी माझ्याशी बोलेनात. ताबडतोब ये."

मी जाऊन फ्लेक्सकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. नाव ठीक होतं, कारण ती तीन अक्षरं सगळीकडे सारखीच लिहितात. पण खालची 'वॉर्डवासीयांच्या सेवेत' ही घोषणा? आम्ही तैवानमध्ये लिहितो ती भरगच्च अक्षरं त्या फॉन्टने गुपचूप सोलून काढली होती आणि चीनमध्ये लिहितात तशी सोपी, रेघा कापलेली अक्षरं बसवली होती. वाचताना वाटत होतं, की आमच्या गल्लीत पलीकडच्या सरकारचं ऑफिस उघडलंय.

मामाच्या विरोधात उभ्या असलेल्या त्सौबाईंनी लाउडस्पीकरची गाडी काढली होती. "हुंग साहेबांची सेवा कोणाच्या भाषेत चाललीय, ते त्यांनाच विचारा," असं ती गाडी दर चौकात सांगत होती.

"सैन्यात असताना किनमेन बेटावर मी त्या चीनवाल्यांचे तोफगोळे झेललेत," मामा म्हणाला. "आणि तू मला त्यांच्यात नेऊन बसवलंस. आत्ताच्या आत्ता सगळे उतरव."

तेवढ्यात बिएन काका आले. तैवानने चीनशी एक व्हावं असं आमच्या वॉर्डात उघडपणे बोलणारे ते आणि त्यांची गल्ली. आजवर त्यांनी मामाला नमस्कारसुद्धा केला नव्हता. आज त्यांच्या हातात उलाँग चहाचा डबा होता आणि डोळ्यांत पाणी.

"हुंग साहेब, उशिरा का होईना, तुम्हाला सुबुद्धी झाली. आमची गल्ली तुमच्यामागे आहे."

मामाने दोन्ही हातांनी डबा घेतला. काका गेल्यावर त्याने मला कोपऱ्यात ओढलं. "त्यांच्या गल्लीत मतं किती असतील?"

"बरीच. पण मामा, तोफगोळे?"

"ते जुनं झालं. त्या गल्लीतले राहू देत. बाकीकडचे बदल."

म्हणून मी हौसेने दुसरा फॉन्ट शोधला, भरगच्च अक्षरांचे नवे फ्लेक्स केले आणि स्वतः शिडीवर चढून लावले. त्सौबाईंनी फक्त एक केलं. दोन्ही फ्लेक्स शेजारी शेजारी छापून घरोघरी वाटले. खाली एकच ओळ होती: 'तुमच्या गल्लीत कोणते हुंग राहतात?'

देवळाबाहेरची मंडळी गेली ती गेलीच. बिएन काका चहाचा डबा परत मागायला आले. तो आम्ही फोडला होता.

मामा दणदणीत हरला. त्या रविवारी सगळं घराणं आमच्याकडे टर्की-भात खायला जमलं. कोणी निवडणुकीचं नाव काढेना. मी मान खाली घालून वाटीतला भात चिवडत होतो. आता मामा आख्ख्या घरासमोर माझी सालटी काढणार.

मामाने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"मी खूप विचार केला," तो म्हणाला. "घात फोटोने केला. फ्लेक्सवर मी आत्ताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो. अक्षरं कोण वाचतं?"

मी लगेच म्हणालो, "मला फोटो पहिल्यापासूनच खटकला होता, मामा."

सगळे माझ्या आईकडे बघायला लागले. फोटो तिने काढला होता.