हेपवर्थबाईंचं पुढचं दार

सोमवारी आमच्या गल्लीत कुणी आजारी पडत नसे. सोमवार धुण्याचा. मागच्या बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चादरी लटकायच्या आणि कोळशाची गाडीसुद्धा मंगळवारची वाट बघायची. पण साबणाच्या पाण्यावरून हेपवर्थबाईंचा पाय घसरला आणि घोटा मोडला.

गावाची ॲम्ब्युलन्स एकच. ती चालवायचं, धुवायचं आणि चढावर ढकलायचं काम विधुर क्लेमंट सग्डनचं. युद्धाआधी ती पावाची गाडी होती. अजूनही आत पावाचा वास यायचा आणि कण्हणाऱ्या माणसालाही भूक लागायची.

क्लेमंटने आणि टपाल कचेरीतल्या नेलीने बाईंना स्ट्रेचरवर घातलं आणि मागच्या दाराने काढलं. दहा पावलांत शेजारच्या गार्साइडबाईंची ओली चादर क्लेमंटच्या तोंडाला गुंडाळली गेली.

"चादरीला हात लावाल तर खबरदार! महिन्याचा साबण संपलाय माझा रेशनचा!"

"अहो, बाईंचा पाय मोडलाय!"

"पाय जुळेल. डाग जाणार आहे का?"

"तिचं खरं आहे," हेपवर्थबाई स्ट्रेचरवरून म्हणाल्या. "ठेवा मला घरात."

"मग पुढच्या दाराने नेतो," क्लेमंट म्हणाला.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्याकडे पुढचं दार रोजच्या वापराचं नव्हे; ते उघडायचं लग्नाला नाहीतर मयताला. बाईंचं तर अकरा वर्षं उघडलं नव्हतं.

"त्या दारातून माझा नवरा टॉम गेला, आडवा. मी आडवी गेले तर परत यायची नाही."

"अहो मावशी, आता इस्पितळ फुकट झालंय," नेली म्हणाली.

"फुकट आहे म्हणून मरू होय गं?"

घोटा टम्म सुजला होता. स्ट्रेचर परत घरात आलं. क्लेमंट स्ट्रेचरशेजारी उकिडवा बसला.

"ॲग्नेस, नवरी कुठल्या दारातून निघते?"

"पुढच्याच."

"आडवी?"

"काहीतरीच! उभी."

"मग ऊठ. हॅट घाल."

तीन धक्क्यांनी दार उघडलं. बाई डोक्यावर चर्चची हॅट घालून, एका पायावर, क्लेमंटच्या दंडाला धरून बाहेर आल्या. मागून नेली रिकामं स्ट्रेचर घेऊन. दाराच्या आवाजाने सगळी गल्ली पुढे धावून आली.

"अगं बाई, ॲग्नेस!" गार्साइडबाई ओरडल्या. "पाय मोडला म्हणून थापा मारल्यास? आणि आम्हाला सांगितलंही नाहीस!"

तांदूळ कुठला मिळायला तेव्हा! कुणीतरी मूठभर ओट उधळले. क्लेमंट खुलासा करायला तोंड उघडणार, तोच बाईंनी दंडाला चिमटा काढला.

"गप्प बस. आधी गाडीत चढू दे."

पाच आठवड्यांनी क्लेमंटने बाईंना परत आणलं. टेबलावर लग्नाचा केक होता, दोन मजली. साखर माणशी आठवड्याला चिमूटभर मिळायची त्या दिवसांत, आणि साऱ्या गल्लीने आपापल्या वाट्याची घातली होती.

"आता यांना काय सांगायचं?" क्लेमंट कुजबुजला.

बाईंनी केककडे पाहिलं. मग क्लेमंटकडे.

"साखर काही परत काढता यायची नाही," त्या म्हणाल्या. "पाद्रीबाबांना विचारून ये, शनिवार मोकळा आहे का."