साळूने शपथ अर्धी सोडली, त्याची विभागीय वार्ता

एका जंगलात, मुलांनो, आजारी प्राण्यांपेक्षा सन्मानित परिचारिका जास्त होत्या.

शेपट्या आवरून बसा. चुळबुळ करू नका. ही गोष्ट खरी आहे असं मी म्हणणार नाही, पण खोटी असती तर मी स्वतःला जरा बरं काम दिलं असतं.

गोष्ट सांगणारी मी टिटवी. होय, तीच, जी आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते. तुम्ही हसता, हसा. आभाळ अजून पडलेलं नाही, याचं श्रेय कुणाला द्यायचं ते मात्र एकदा ठरवा.

तर त्या जंगलात तळ्याच्या काठी एक दवाखाना होता. दवाखान्यात आम्ही चाळीस परिचारिका होतो. मी तीन वर्षं वॉर्डात काम केलं. खाटा आवरल्या, पट्ट्या बांधल्या, लंगुरांच्या शिव्या खाल्ल्या. मग मी सन्मान मंडळात गेले, आणि त्यानंतर सात वर्षांत मला एकाही रुग्णाने शिवी दिली नाही. कारण एकही रुग्ण मला भेटला नाही.

सन्मान मंडळ म्हणजे आंतरराष्ट्रीय शुश्रूषा सन्मान मंडळ. ते सात समुद्रांपलीकडे कुठेतरी स्थापन झालं होतं. मनापासून सेवा करणाऱ्या परिचारिकांना मान मिळावा, एवढाच त्याचा हेतू होता. हेतू चांगला होता, मुलांनो. तो आमच्या जंगलापर्यंत येईतो लांबचा प्रवास झाला, त्याला कोण काय करणार?

मंडळाची प्रत्येक प्रदेशात एक शाखा. शाखेने काय काय केलं ते दर ऋतूला लिहून मुख्यालयाला कळवायचं. ते लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी विभागीय सचिव आणि ‘विभागीय वार्ता’ची संपादक.

वार्तेत काय असायचं? ऐका. ‘करुणा या विषयावर अध्यक्षा करकोचेबाई यांचं व्याख्यान. उपस्थिती समाधानकारक.’ किंवा ‘हात धुण्याचा सप्ताह उत्साहात साजरा. उद्घाटनासाठी स्वच्छ पाणी राखून ठेवल्यामुळे सप्ताहभर कुणालाही हात धुता आले नाहीत.’ यातलं शेवटचं वाक्य मी पाठवण्यापूर्वी खोडायची. संपादन म्हणतात ते हेच.

तुम्ही विचाराल, मग रुग्णांकडे कोण बघायचं? साळू बघायची.

साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर. आम्ही दोघी एकाच बॅचच्या. ती स्वतःच्या काट्याने इंजेक्शन द्यायची आणि घेणाऱ्याला कळायचंही नाही. बोलायला फटकळ. व्याख्यानाचं आमंत्रण दिलं की म्हणायची, ‘ओव्हर घ्यायला कोण येतंय ते आधी सांग.’

ही आमच्या कामातली जुनी रीत आहे. पाळी संपली म्हणून परिचारिका उठून चालायला लागत नाही. पुढच्या पाळीची येते, दोघी प्रत्येक खाटेपाशी उभ्या राहतात. जाणारी सांगते, येणारी ऐकते. याला ओव्हर देणं म्हणतात. ओव्हर घ्यायला कुणी आलंच नाही, तर जाणारी जात नाही. साळूला वॉर्डातून हलताच यायचं नाही, कारण तिच्या पुढच्या पाळीची आमच्याकडे व्याख्यानाला बसलेली असायची.

एका थंडीत मुख्यालयाचं पत्र आलं. उत्तरेकडून येणारी राजहंसीण, म्हणजे मंडळाची आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी, दक्षिणेला जाताना एक दिवस आमच्या तळ्यावर उतरणार होती. त्या दिवशी शाखेचे सगळे सभासद जातीने हजर असले, तर शाखेला ‘आदर्श शाखा’ हा किताब मिळणार होता.

करकोचेबाईंनी मान इतकी उंच केली की त्या काय बोलल्या ते मला खालून नीट ऐकू आलं नाही. पण अर्थ कळला. किताब हवा.

आता माझी चूक ऐका. सभासदांची यादी मुख्यालयाला पाठवताना मी घाईघाईत चाळीस नावं लिहून टाकली. चाळीस हा आकडा मला शोभिवंत वाटला. प्रत्यक्षात साळूने मंडळाची शपथच घेतली नव्हती. म्हणजे साळूला त्या दिवशी समारंभाला आणून, दिवा हातात देऊन, शपथ देऊन सभासद करणं भाग होतं. नाहीतर एक सभासद गैरहजर, आणि किताब गेला.

तो दिवस उजाडला. तळ्याच्या पलीकडच्या काठावर मांडव घातला होता. मांडवावर फलक होता: ‘परिसंवाद: रुग्णाजवळ असणे’. या विषयावर बोलायला आणि ऐकायला सगळ्या परिचारिका रुग्णांना सोडून मांडवात आल्या होत्या. साळू आली नव्हती.

‘टिटवे, तिला आण,’ करकोचेबाई म्हणाल्या. ‘पाहुण्या दुपारी उडणार आहेत.’

मी उडत वॉर्डात गेले. वॉर्डात एकच रुग्ण होता, चितळाचं पाडस. चार दिवस त्याचा ताप उतरत नव्हता. त्याची आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. साळू पाडसाच्या कपाळावरची पट्टी बदलत होती.

‘साळू, चल. सगळे थांबलेत.’

‘ओव्हर कोण घेतंय?’

‘अगं, अर्ध्या तासाचं काम आहे.’

‘मी किती वेळ विचारलं नाही. कोण घेतंय विचारलं.’

मी इकडेतिकडे पाहिलं. वॉर्डात पाडस, त्याची आई आणि आम्ही दोघी. बाकी सगळ्या जणी मांडवात रुग्णाजवळ असण्याचं महत्त्व समजून घेत होत्या.

‘मी घेते,’ मी म्हणाले.

साळूने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या गळ्यात सचिवाचा बिल्ला होता. तिने तो पाहिला आणि सोडून दिला. मग तिने रीतीप्रमाणे ओव्हर दिली.

‘ताप डोक्यात चढतोय. काल दोन झटके आले. कपाळावर आणि काखेत ओली पट्टी, सुकली की बदल. झटका आला तर कुशीवर वळव. लाळ बाहेर वाहू दे. दाबून धरू नको, तोंडात काही घालू नको. आणि मला हाक मार.’

मी मान डोलवत होते, मुलांनो. पण मनात वार्तेचा मथळा जुळवत होते. ‘चाळीसपैकी चाळीस’ बरा, की ‘चाळिसांची एकजूट’? दोन्ही चांगले वाटत होते.

‘समजलं?’ साळूने विचारलं.

‘साळू, मी विभागीय सचिव आहे.’

‘म्हणून तर विचारलं.’

ती गेली. मी खाटेजवळ उभी राहिले. सात वर्षांनी उभी राहिले, म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं. पट्टी सुकली होती का? असेल. मी मथळ्यातून वर पाहिलं नाही.

मग पाडसाचे डोळे फिरले. पाय ताठ झाले, अंग थडथडायला लागलं.

मी काय केलं ते सांगते. मी आठवायला लागले. ‘झटके: एक जागतिक दृष्टिकोन’ हा परिसंवाद मीच भरवला होता. त्यात वक्त्यांचा परिचय कुणी करून दिला, आभार कुणी मानले, फोटोत डावीकडून तिसरं कोण, सगळं धडाधड आठवलं. झटका आल्यावर काय करायचं, एवढंच आठवेना.

आणि मग, आंतरराष्ट्रीय सन्मानप्राप्त परिचारिका मी, पाडसाच्या नाकाला लावायला रानकांदा शोधायला लागले. माझी आजी लावायची.

‘सिस्टर,’ पाडसाची आई हळूच म्हणाली, ‘त्या बाई कुशीवर वळवा म्हणाल्या होत्या.’

तिने ओव्हर ऐकली होती. मी ऐकली नव्हती. हे मान्य करायला तेव्हा दोन श्वास लागले असते. मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, ‘तुम्ही बाहेर थांबा. नातेवाइकांनी मध्ये बोलू नये.’

आणि ती बाहेर गेली. बिल्ल्यासमोर गरीब प्राणी वाद घालत नाहीत. दाराबाहेर उभी राहून ती आत बघत राहिली. पाडसाच्या तोंडात लाळ साचून घशात घरघर व्हायला लागली. ओठ निळसर पडले. पोराचा जीव माझ्या समोरून चालला होता आणि माझ्या हातात कांदा होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि इतकी भीतीही.

तेव्हा मी ओरडले. नुसती ओरडले. टिटवीला दुसरं येतं काय?

पुढचं मला नंतर कळलं. मांडवात साळूच्या पंजात दिवा होता. राजहंसीण शपथेचा एकेक तुकडा सांगत होती आणि साळू मागून म्हणत होती. ‘रुग्णाला मी कधीही एकटं...’ इथपर्यंत शपथ आली होती. साळूने माझा आवाज ऐकला, दिवा करकोचेबाईंच्या पायावर ठेवला आणि पळत सुटली. करकोचेबाईंना वाटलं की हा प्रथेचाच भाग असावा, म्हणून त्या पाय भाजेपर्यंत हलल्या नाहीत.

साळू आत आली. तिने मला बाजूला सारलं, पाडसाला कुशीवर वळवलं, मान सैल केली. लाळ बाहेर वाहिली. झटका ओसरेपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. मग पाडसाने एक लांब श्वास घेतला. साळूने पहिली हाक त्याच्या आईला मारली.

‘ये गं आत. बाहेर कुणी पाठवलं तुला?’

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं नाव तिने सांगितलं नाही. मी रडले. पण थोडंच, कारण साळूने माझ्या चोचीत ओली पट्टी दिली आणि म्हणाली, ‘धर ही. मी ताजं पाणी आणते.’ आणि मागच्या दाराने तळ्यावर गेली.

नेमक्या त्याच वेळी पुढच्या दाराने राजहंसीण आली. तिच्यामागे करकोचेबाई लंगडत, त्यांच्यामागे सगळी शाखा.

पाहुणीने पाहिलं. खाटेवर रुग्ण शांत झोपलेला. शेजारी आई. आणि चोचीत ओली पट्टी घेऊन, डोळ्यांत पाणी आणून उभी असलेली मी.

‘या कोण?’ तिने विचारलं.

‘आमच्या विभागीय सचिव,’ करकोचेबाई म्हणाल्या. ‘कार्यक्रम सोडून रुग्णाजवळच होत्या.’

हे वाक्य खरं होतं, मुलांनो. शब्द न् शब्द खरा होता. पट्टी चोचीत असल्यामुळे मला खुलासा करता आला नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पट्टी खाली ठेवता येते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

राजहंसीण गहिवरली. फोटो काढला गेला. ती दुपारी दक्षिणेकडे उडून गेली.

महिन्याभराने मुख्यालयाचा निकाल आला. साळू यांची शपथ अर्धवट राहिल्याने त्या सभासद ठरत नाहीत. सबब त्यांचं नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. त्यामुळे सभासद एकोणचाळीस. सचिव वॉर्डात होत्या, ती समारंभातली प्रात्यक्षिक उपस्थिती धरण्यात येत आहे. सबब हजर एकोणचाळीस. शंभर टक्के. शाखा आदर्श.

सोबत एक पुडकं होतं. त्यात माझ्यासाठी सन्मानाचा पट्टा होता, जांभळा, सोनेरी काठाचा, खांद्यावरून घ्यायचा. ‘रुग्णशय्येजवळील नेतृत्वाबद्दल.’

मी करकोचेबाईंकडे गेले. म्हटलं, खरं काय ते वार्तेत छापू या.

‘छापू की,’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या अंकात. हा अंक अभिनंदनाचा आहे.’

अभिनंदनाचा अंक मीच लिहिला. चांगला लिहिला.

पण मला झोप लागेना. पाय वर करूनही लागेना. शेवटी एका सकाळी मी तो पट्टा घेऊन वॉर्डात गेले. पाडस कधीच बरं होऊन घरी गेलं होतं. त्याच्या खाटेवर आता तापाने फणफणलेलं रानमांजर होतं, आणि साळू त्याच्यापाशी बसली होती.

‘साळू, हा तुझा आहे,’ मी म्हणाले. ‘मी घ्यायला नको होता. तू घे.’

साळूने पट्टा हातात घेतला. उलटसुलट केला. मला वाटलं, ती आता रागावेल. रागावली असती तर फार बरं झालं असतं. तिने पट्टा पाण्याच्या भांड्यात बुडवला, पिळला आणि रानमांजराच्या कपाळावर ठेवून पाहिला. पाणी सगळं घरंगळून उशीवर गेलं.

तिने तो काढून माझ्याकडे परत दिला.

‘साटिन आहे,’ ती म्हणाली. ‘पाणी धरत नाही. सुती काही असेल तर आण.’

तात्पर्य: मुलांनो, रुग्णाची सेवा अवश्य करावी, पण पाहुणे दारात येईपर्यंत थोडी शिल्लक ठेवावी. शपथ घ्यायला घेतली की ती पुरी करूनच उठावं, मग रुग्णाचं काहीही होवो. ज्यांना एवढंही जमत नाही, त्यांना सभासद करू नये. फक्त त्यांचा वॉर्ड कुठे आहे ते नीट लक्षात ठेवावं, कारण आपण आजारी पडलो की तिथेच जायचं असतं. आम्ही एकोणचाळीस जणी तिथेच जातो.