आईचं काम

"काल तुम्ही मालिकेत दिसलात," असं कुणी म्हटलं की पारूमावशी साफ नाकबूल करते.

"मी नाय ती. ती सुमन नारायन पाटील. चिरनेरची. दोन पोरी हायत तिला. धाकटीला दमा."

प्रत्यक्षात पडद्यावर एक मोलकरीण फरशी पुसून निघून गेलेली असते. "ताई, चहा ठेवू?" यापलीकडे लेखकाने तिला काही दिलेलं नसतं. पण नाव, गाव, माहेर ठरल्याशिवाय मावशी फडकं हातात धरत नाही. आजवर तिने इतक्या मोलकरणी केल्यात की त्यांची स्वतंत्र ग्रामपंचायत सहज निघेल. सरपंच अर्थात तीच होणार, यात मला शंका नाही.

आमच्या पनवेलच्या सोसायटीत ती माझ्या समोरच्या दारात राहते. एकटीच. साठीची, सावळी, मिठागरवाल्या आगरी घरातली. मी बँकेतली, बदली होऊन पुण्याहून आलेली. पहिल्याच आठवड्यात तिने मला धारेवर धरलं.

"मॅडम, तुमच्यासारखी मानसं रोज टीव्हीत दिसतात. आमची का नाय दिसत?"

"तुम्ही दिसता की!"

"मी फरशीजवल दिसते. सोफ्यावर कोन बसतं ते बगा."

मी पोह्यांची बशी पुढे केली. त्यात मीठ कमी आहे, असं तिने सांगितलं. त्या विषयातला तिचा अधिकार मोठा.

मागच्या वर्षी उलव्याच्या एका बंगल्यात आगरी कुटुंबावरच्या मालिकेचं शूटिंग सुरू होणार असल्याची बातमी आली. मुख्य भूमिका आईची. मावशी ऑडिशनच्या आठ दिवस आधीपासूनच आई झाली. कोळंबीवालीशी घासाघीस आई म्हणून, वॉचमनला दम आई म्हणून. मला तर तिने दोनदा जेवायला बसवून "खा गो, वालली किती" म्हणत ताट भरलं. मी तेव्हा डाएटवर होते.

"एकदा फकस्त आय होऊ दे, मॅडम," ती म्हणाली. "आपल्या बोलीत. मंग जल्मभर फरशी पुशीन."

ऑडिशन छान झाली. 'फारच खरं वाटतं,' असं सगळे म्हणाले, आणि काम एका गोऱ्यापान, नावाजलेल्या बाईंना मिळालं. त्यांना रोज सकाळी तासभर बसवून सावळं करायचं ठरलं. मावशीला दोन कामं दिली. त्या बाईंना आगरी बोली शिकवायची, आणि घरातली मोलकरीण करायची.

"नाही म्हणून सांगा!" मी भडकले.

"मंग ती पोर चुकीचं बोलंल. गावात लोक हसतील, बोलतील ह्या आमी न्हवंच." मावशीने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडतच नव्हती. ती भाकरी थापत होती, जरा जोरात इतकंच.

ती नटी तरी खडूस निघावी! तसंही नाही. मनापासून शिकायची, मावशीच्या पाया पडायची. रागवायचीही सोय राहिली नाही.

एका रविवारी मी शूटिंग बघायला गेले. त्या दिवशी मालिकेतल्या आईचा मुलगा मरणार होता. मोलकरणीने स्वयंपाकघरातून पाहुण्यांना चहा आणायचा होता. मावशी ट्रे घेऊन आली आणि मध्येच थांबली.

"मयताच्या घरात चूल पेटत नाय. चहा शेजारून येतो."

दिग्दर्शकांनी समजावलं, घड्याळ दाखवलं, शेवटी हात जोडले. "बरं मावशी, तुम्ही शेजारीण. बाहेरच्या दारातून या."

"बढती झाली, मॅडम!" मावशी माझ्या कानात म्हणाली. आम्ही दोघी हसलो.

मग नटीने विचारलं, "मावशी, आता मी नुसती रडू, की काही बोलू?"

मावशीने ट्रे खाली ठेवला. पांढऱ्या चादरीपाशी जमिनीवर बसली, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला.

"उठ रं बाला. तुजा डबा तसाच भरलेला परत आयला रं. आता त्यो कुनाला वाढू? भाकरी मऊ हाय अजून, बग तरी. उठ रं."

ती चादरीवरून हात फिरवत राहिली. दिवे धरणारे, तारा ओढणारे, सगळे होते तिथेच उभे राहिले. मावशीचा मुलगा सुनील न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला, हे मला त्यानंतर आठ वर्षांनी सोसायटीच्या वॉचमनकडून कळलं होतं. तिने स्वतः त्याचं नावही कधी काढलं नव्हतं.

"हेच," दिग्दर्शक नटीला हळूच म्हणाले. "अगदी हेच करा."

तिसऱ्या टेकला नटीला ते जमलं. मावशी बाहेरच्या दारातून आली, वाकून चहा ठेवला आणि गेली.

तो भाग आम्ही माझ्याकडे एकत्र पाहिला. संपला तशी सोसायटीच्या ग्रुपवर नटीची स्तुती सुरू झाली. काय रडली, काय खरं रडली! मी फोन उलटा ठेवला.

"मावशी, ते सुनीलचं होतं ना?"

तिने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"त्याच्या वक्ताला मी रडलेच नाय, मॅडम. घर मानसांनी भरलेलं, समदी माज्या तोंडाकडं बगत. आवाजच फुटला नाय. हे त्या दिवशी पयल्यांदा बोलले. त्या पोरीला शिकवताना."

मला रडू आवरेना. तिनेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पोर बरी रडली. एक शब्द नाय चुकली," ती म्हणाली. मग, अगदी हळू, "पर माजा सुनील गेला, आनि मी चहा ठेवून बाहेर गेले."